मानमोडीची साथ आणि ‘तापा’चा रकाना : १९१८ मधील मुंबई इलाख्यातील रोगसर्वेक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

१९१८ मध्ये जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ या नावाने ओळखले गेले. या साथीत हिंदुस्थानात किती माणसे मृत्युमुखी पडली, या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत साठ लाखांपासून पावणेदोन कोटींच्याही पुढपर्यंत भिन्न उत्तरे दिली गेली आहेत. आकड्यांतील ही तफावत केवळ गणिती नसून तत्कालीन नोंदव्यवस्थेच्या रचनेतून ती निर्माण झाली आहे, अशी मांडणी प्रस्तुत शोधनिबंधात केली आहे. मुंबई शहर व इलाखा यांतील मृत्यूनोंदीची पद्धत, प्लेगच्या अनुभवाचा तिच्यावरील परिणाम, साथीच्या दोन लाटांची नोंद आणि पुढील काळातील रोगसर्वेक्षणाची वाटचाल यांचा येथे परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : इन्फ्लुएंझा, मानमोडी, मृत्यूनोंद, रोगसर्वेक्षण, मुंबई इलाखा, अतिरिक्त मृत्यू.

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा रोगाचा, औषधाचा किंवा शासकीय उपाययोजनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. साथ ओळखणारी, मोजणारी आणि तिची नोंद ठेवणारी यंत्रणा मात्र पार्श्वभूमीवरच राहते. वस्तुतः साथीविषयी आज जे काही सांगता येते ते या यंत्रणेने जे टिपले त्याच्याच आधारे. जे तिने टिपले नाही, ते इतिहासातूनही निसटते. श्वसनमार्गाच्या संसर्गांच्या बाबतीत तर ही अडचण अधिकच तीव्र होते. पटकी, देवी यांसारख्या रोगांची लक्षणे सामान्य माणसालाही ओळखता येतात, परंतु ताप, खोकला, अंगदुखी ही लक्षणे अनेक रोगांना समान असतात.

या दृष्टीने १९१८ ची साथ हे अभ्यासाचे महत्त्वाचे क्षेत्र ठरते. प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) साथीपूर्वी मुंबई इलाख्यात अस्तित्वात असलेल्या मृत्यूनोंद पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे, (२) ही पद्धत साथीच्या काळात कोठे उपयोगी पडली व कोठे अपुरी ठरली हे पाहणे, (३) मृत्युसंख्येच्या विविध अनुमानांमागील कारणे तपासणे, (४) या अनुभवाचा पुढील रोगसर्वेक्षणाशी असलेला संबंध दाखविणे. विवेचनासाठी प्रामुख्याने प्रकाशित अहवालांतील माहिती आणि अभ्यासकांच्या मांडणीचा आधार घेतला आहे.

मोजणीचे दोन उगम

आधुनिक रोगसर्वेक्षणाच्या दोन शाखांचा आरंभ योगायोगाने एकाच वर्षी, १८४७ मध्ये, झालेला दिसतो. त्या वर्षी लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. तेथील निबंधक कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी केवळ ‘इन्फ्लुएंझा’ असे कारण नोंदविलेल्या मृत्यूंवर समाधान मानले नाही. त्या ऋतूत सर्वसाधारणपणे किती मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती झाले, यांतील फरक त्यांनी काढला. साथीचा खरा भार त्या फरकात आहे, हा त्यांचा विचार आज ‘अतिरिक्त मृत्यू’ या संकल्पनेच्या रूपाने सर्वमान्य झाला आहे.

त्याच वर्षी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस प्रसूती विभागांतील मृत्यूंची तुलना करीत होते. वैद्यकीय विद्यार्थी काम करीत त्या विभागात सूतिकाज्वराने होणारे मृत्यू सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक होते. एप्रिल १८४७ मध्ये तेथील मृत्यूंचे प्रमाण १८ टक्क्यांवर होते. शवविच्छेदन करून आलेल्यांनी क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवावेत असा नियम मे महिन्यात लागू झाल्यावर जूनमध्ये ते २.२ टक्क्यांवर आले. रुग्णालयातच जडणाऱ्या संसर्गाच्या मोजणीचे हे ठळक आरंभीचे उदाहरण होय.

दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. मोजणीला अर्थ येण्यासाठी तुलनेचा आधार लागतो आणि तो आधार साथ येण्यापूर्वीच तयार असावा लागतो. लंडनमध्ये फार यांच्यापाशी आधीच्या वर्षांच्या मृत्यूनोंदी होत्या, तर व्हिएन्नात शेजारचा विभाग होता. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये असा आधार कितपत उपलब्ध होता, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

मुंबईतील नोंदव्यवस्था आणि प्लेगचा वारसा

मुंबई शहरात मृत्यूंची नियमित नोंद १८४८ पासून सुरू झाली. १८६५ मध्ये डॉ. टी. जी. हेवलेट यांची शहराचे आरोग्य अधिकारी म्हणून नियुक्ती झाली. म्हणजे १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकट झाला तेव्हा शहरापाशी जवळपास अर्धशतकाची मृत्यूनोंद होती. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान केले. साप्ताहिक मृत्यूंचे आकडे आधीच्या वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहण्याची सवय प्रशासनाला याच काळात लागली.

तथापि प्लेगने आणखीही एक धडा दिला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि घरझडती, सक्तीचे स्थलांतर, विलगीकरण असे उपाय अमलात आले. रुग्ण सापडला की घराची झडती होणार आणि कुटुंबाची ताटातूट होणार, या भीतीने लोक आजार व मृत्यू दडवू लागले. पुण्यात या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. नोंद म्हणजे शिक्षेची पूर्वसूचना असे समीकरण झाले, की खरी माहिती सरकारदरबारी पोहोचत नाही. पुढील दोन दशकांत सक्तीचे धोरण बरेच सौम्य झाले, त्यामागे हा अनुभव होता.

मात्र प्लेगच्या निमित्ताने उभी राहिलेली यंत्रणा प्लेगच्याच मापाची होती. परळ येथील प्रयोगशाळा, लसीकरण, उंदरांचा नाश हे सारे एका विशिष्ट रोगासाठी होते. श्वासावाटे पसरणाऱ्या आणि दोन-तीन दिवसांत एका माणसापासून दुसऱ्याला होणाऱ्या रोगासाठी त्या यंत्रणेत जागा नव्हती. इन्फ्लुएंझाची सूचना देणे डॉक्टरांवर बंधनकारकही नव्हते.

जून १९१८ : साथ कोणाला दिसली?

साथीची पहिली लाट जून १९१८ मध्ये आली. मुंबईचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांच्या अहवालानुसार १० जून रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. हा ताप हिवतापाचा नव्हता. पुढील काही दिवसांत जहाज कंपन्या, पोर्ट ट्रस्ट, टांकसाळ, तारखाते, बँक आणि कापडगिरणी येथील कर्मचारी आजारी पडल्याची वृत्ते आली.

ही यादी बारकाईने पाहण्याजोगी आहे. यातील प्रत्येक ठिकाणी हजेरीपट होता. शिपाई कामावर आला नाही, कारकुनाची खुर्ची रिकामी राहिली, गिरणीत माग बंद पडले, म्हणूनच आजार लक्षात आला. पोलिसांसाठी रुग्णालय होते, म्हणून त्यांच्या आजारपणाची तारीखही उपलब्ध आहे. याचा अर्थ साथ प्रथम शिपायांनाच झाली असा होत नाही. ती प्रथम त्यांच्यामध्ये दिसली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. गोदीत रोजंदारीवर ओझी वाहणारा हमाल, घरकाम करणारी स्त्री किंवा फेरीवाला आजारी पडला तर त्याची गैरहजेरी मांडणारी कोणतीही वही नव्हती.

रोग आला कोठून, यावरही मतभेद झाले. मेअखेरीस बंदरात आलेल्या जहाजावरील लोकांमुळे तो शहरात शिरला, असे टर्नर यांचे मत होते. उलट जहाजावरील लोकांनाच शहरात लागण झाली, अशी सरकारी बाजू होती. महायुद्ध सुरू असल्याने सैनिकी वाहतुकीवर बोट ठेवणारे निष्कर्ष प्रशासनाला अडचणीचे होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. बंदरावर उतरणाऱ्यांची आरोग्यविषयक नोंद पुरेशी असती, तर हा वाद पुराव्याने मिटू शकला असता.

पहिली लाट तुलनेने सौम्य ठरली. ३ जुलै रोजी शहरात २३० मृत्यू नोंदले गेले आणि त्यानंतर साथ ओसरली. सर्वसाधारण तापाची एक लाट येऊन गेली, अशी समजूत होण्यास हे पुरेसे होते.

दुसरी लाट आणि जातीचा रकाना

सप्टेंबरमध्ये साथ परतली ती अधिक उग्र रूपात. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. न्यूमोनियाची गुंतागुंत झालेले रुग्ण मोठ्या संख्येने दगावत होते. सामान्यतः श्वसनविकार बालके व वृद्ध यांना घातक ठरतात. या साथीत मात्र वीस ते चाळीस या कर्त्या वयातील माणसे अधिक संख्येने गेली आणि त्यांतही स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा त्याच करीत होत्या, तसेच त्यांचे पोषणही अपुरे होते, अशी कारणे अभ्यासकांनी सुचविली आहेत. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि अनेक डॉक्टर युद्धसेवेत गुंतले होते. शहरात स्वयंसेवी संस्थांनी औषधवाटप व शुश्रूषेची कामे हाती घेतली.

मुंबईच्या मृत्यूनोंदीत मृताच्या जातिधर्माचा रकाना होता. त्यामुळे आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरातील इन्फ्लुएंझाच्या मृत्यूंचे समाजगटानुसार दर हजारी प्रमाण मिळते. तत्कालीन वर्गीकरणात ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ म्हटल्या गेलेल्या गटात ते ६१.६ होते. अन्य हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२, भारतीय ख्रिश्चनांमध्ये १८.४, पारशांमध्ये ९.० आणि युरोपियनांमध्ये ८.३ असे ते प्रमाण होते.

शहर एक, हवा एक, रोगही एक. तरीही पहिल्या व शेवटच्या गटांतील अंतर सातपटींहून अधिक आहे. एकाच धर्माच्या दोन गटांत तिपटीहून अधिक फरक पडतो, त्या अर्थी त्याचे स्पष्टीकरण वंशात किंवा प्रकृतीत शोधता येत नाही. चाळींतील दाटीवाटी, अपुरे अन्न, आजारपणातही रोजगार बुडवता न येणे आणि उपचारांपासूनचे अंतर यांतच ते शोधावे लागते. शहरात ये-जा करणाऱ्या मजुरांची नेमकी लोकसंख्या ठरविणे कठीण असल्याने या दरांकडे काटेकोर मापन म्हणून पाहू नये, हे खरे. परंतु तफावतीची दिशा व व्याप्ती त्यामुळे बदलत नाही.

वसाहती शासनाने जातीचा रकाना ठेवला तो प्रजेचे वर्गीकरण करण्यासाठी. विषमतेचा पुरावा जमविणे हा त्यामागचा हेतू नव्हता. तरीही तोच रकाना आज त्या विषमतेची साक्ष देतो.

गावचे रजिस्टर आणि ‘तापा’चा रकाना

शहराबाहेर परिस्थिती निराळी होती. खेड्यात जन्ममृत्यूंची नोंद गावकामगारांकडे असे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या या माणसाने नातेवाइकांकडून ऐकून मृत्यूचे कारण लिहावयाचे आणि ठरावीक मुदतीने तालुक्याकडे तक्ता पाठवावयाचा, अशी रीत होती. कारणांचे रकाने ठरलेले होते : पटकी, देवी, ताप, अतिसार-हगवण, इजा व अपघात आणि इतर. पुढे प्लेग व श्वसनविकार यांची त्यात भर पडली.

यांपैकी ‘ताप’ हा रकाना सर्वांत प्रशस्त होता. हिवताप, विषमज्वर, क्षय, सूतिकाज्वर, न्यूमोनिया अशा कितीतरी रोगांचे मृत्यू त्यात सामावत. ब्रिटिश हिंदुस्थानातील एकूण नोंदींपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू सर्वसाधारण वर्षांतही याच एका रकान्यात जात. १९१८ च्या शरद ऋतूत साथ खेड्यापाड्यांत पोहोचली तेव्हा इन्फ्लुएंझाचे बहुसंख्य मृत्यूही तेथेच लिहिले गेले. गावकामगाराची त्यात चूक नव्हती. त्याच्यापुढील तक्त्यात या रोगाला दुसरे घरच नव्हते.

येथे एक विसंगती लक्षणीय आहे. लोकांनी या रोगाला वेगळे ओळखले होते. माणसाची मान मोडून त्याला आडवे करणारा रोग म्हणून ‘मानमोडी’ हे नाव मराठी भाषेत रूढ झाले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. हा नेहमीचा ताप नव्हे, हे ज्ञान समाजापाशी होते. परंतु बोलीतील त्या नावाला सरकारी तक्त्यात रकाना नव्हता. त्यामुळे घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट अहवालात मात्र अनुमानाने शोधावी लागली.

दुसरी अडचण याहून गंभीर होती. साथीने नोंद करणाऱ्यालाही सोडले नाही. गावकामगार स्वतः आजारी पडला, कुटुंबेच्या कुटुंबे अंथरुणाला खिळली, प्रेते उचलायला माणसे मिळेनात, अशा स्थितीत नोंदी मागे पडल्या. म्हणजे मृत्यू जेथे सर्वाधिक, तेथेच नोंद सर्वांत दुर्बळ, असा प्रकार झाला. ही त्रुटी सर्वत्र समप्रमाणात नसल्याने तिची भरपाई साध्या गुणाकाराने करता येत नाही.

मृत्युसंख्येची अनुमाने

हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये प्राथमिक अहवाल सादर केला. ‘तापा’च्या रकान्यातून इन्फ्लुएंझा वेगळा काढणे अशक्य असल्याने त्यांना फार यांच्याच वाटेने जावे लागले. आधीच्या वर्षांच्या सरासरीहून किती मृत्यू अधिक झाले हे पाहून साठ लाखांच्या आसपासचा आकडा पुढे आला. या पद्धतीची मर्यादा उघड आहे. मुळात नोंदच न झालेला मृत्यू ‘अतिरिक्त’ म्हणूनही मोजला जात नाही.

१९२१ च्या जनगणनेने चित्र बदलले. आजच्या भारताच्या भूप्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २५.२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५.१३ कोटी भरली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक होय. जनगणना आयुक्त जे. टी. मार्टेन यांनी साथीतील मृत्यू सव्वा कोटीच्या घरात असावेत असे अनुमान केले. पुढे किंग्जले डेव्हिस यांनी १९५१ मध्ये सुमारे १.८५ कोटी, तर मिल्स यांनी १.७ ते १.८ कोटी असे आकडे मांडले. चंद्र आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांसाठी १.३९ कोटींच्या आसपासचे अनुमान दिले.

या अनुमानांमधील फरक मुख्यतः दोन गृहीतकांवर अवलंबून आहे : साथीच्या काळात किती मृत्यू नोंदीबाहेर राहिले आणि साथ नसती तर लोकसंख्या कोणत्या गतीने वाढली असती. दोन्ही प्रश्नांचे उत्तर गावच्या रजिस्टराच्या विश्वसनीयतेपाशी येऊन थांबते. सर्वांत कमी व सर्वांत अधिक अनुमानांत एक कोटीहून अधिक माणसांचे अंतर आहे. त्यांची नावे तर सोडाच, त्यांची संख्याही निश्चितपणे सांगता येत नाही, हे या नोंदव्यवस्थेचे खरे अपयश होय.

१९१८ नंतरची वाटचाल

इन्फ्लुएंझाचा मानवी विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये वेगळा करण्यात आला आणि प्रयोगशाळेच्या आधारे सर्वेक्षण करणे शक्य झाले. जागतिक आरोग्य संघटनेचे इन्फ्लुएंझा जाळे १९५२ मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९५७ च्या साथीच्या वेळी रोग मद्रास बंदरात जहाजातून आल्याचे तत्काळ टिपले गेले आणि देशभरात सुमारे ४४.५ लाख रुग्ण व १,०९८ मृत्यू नोंदविले गेले. रोगाला आता स्वतंत्र रकाना मिळाला होता. तथापि मृत्यूचा हा अल्प आकडा रोगाच्या सौम्यतेबरोबरच नोंदीच्या मर्यादांचाही निदर्शक असू शकतो.

रुग्णालयांतर्गत संसर्गाची शाखा याच काळात स्वतंत्रपणे विकसित झाली. अमेरिकेत १९७० मध्ये रुग्णालयीन संसर्गाची राष्ट्रीय नोंदपद्धती सुरू झाली. तेथील विस्तृत अभ्यासाचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पद्धतशीर सर्वेक्षण व नियंत्रण करणाऱ्या रुग्णालयांत संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि ते न करणाऱ्या रुग्णालयांत वाढले, असे त्यातून दिसून आले. २००३ च्या सार्स साथीत या दोन्ही शाखा एकत्र आल्या. जगभरातील आठ हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे पंचमांश रुग्ण आरोग्यसेवकच होते. श्वसनरोगाची साथ रुग्णालयातूनच वाढू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

भारतात नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. अतिदक्षता विभागांतील संसर्गांची एकसमान पद्धतीने नोंद घेणारे रुग्णालयांचे जाळेही गेल्या दशकात आकारास आले आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला तेव्हा निदानाची सुविधा त्याच शहरात उपलब्ध होती.

मात्र मृत्यूच्या कारणाची नोंद अजूनही अपुरी आहे. २०२० मध्ये देशात नोंदविलेल्या एकूण मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. कोविडच्या साथीत १९१८ चाच वाद नव्या रूपात पुढे आला. २०२१ अखेरपर्यंत अधिकृत मृत्युसंख्या सुमारे ४.८ लाख होती, तर जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांसाठी सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचे अनुमान दिले. भारत सरकारने त्या पद्धतीला आक्षेप घेतला. कोणता आकडा सत्याच्या अधिक निकट आहे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, परंतु वादाचे मूळ पुन्हा नोंदवहीतच होते. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वैद्यकीय संस्थांना मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाकडे पाठविणे व त्याची प्रत नातेवाइकांना देणे बंधनकारक केले आहे. घरी होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न मात्र त्यातून पूर्णतः सुटत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९१८ ची साथ मुंबईत प्रथम हजेरीपट व रुग्णालय असलेल्या संस्थांमध्ये दिसली. सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर असलेल्या श्रमिकांतील तिचा आरंभ अज्ञातच राहिला.

२. ग्रामीण भागात ‘ताप’ या व्यापक रकान्यामुळे आणि नोंद करणारी यंत्रणाच साथीने कोलमडल्यामुळे इन्फ्लुएंझाचे मृत्यू स्वतंत्रपणे ओळखता आले नाहीत. मृत्युसंख्येच्या अनुमानांतील प्रचंड तफावत हा त्याचाच परिणाम होय.

३. मुंबईच्या नोंदीतील जातिधर्माच्या रकान्यामुळे साथीतील सामाजिक विषमता सिद्ध करता येते. सामाजिक तपशील वगळलेली आकडेवारी अशा विषमतेवर पांघरूण घालते.

४. प्लेगच्या काळातील सक्तीने माहिती दडविली गेली, तर १९१८ मध्ये व्यवस्थेच्या अभावी ती हरवली. लोकांचा विश्वास आणि सुसज्ज यंत्रणा या दोन्हींवाचून विश्वसनीय सर्वेक्षण शक्य नाही.

५. साथीच्या काळातील मोजणी साथीपूर्वीच्या नोंदींवर उभी असते. म्हणून साथ नसतानाच्या काळातील गावपातळीवरील मृत्यूनोंद हा रोगसर्वेक्षणाचा पाया मानला पाहिजे.

मानमोडीत गेलेल्या लाखो माणसांपैकी बहुतेकांची सरकारदफ्तरी एवढीच ओळख उरली की ती ‘तापा’ने गेली, आणि अनेकांची तर तेवढीही नाही. पुढील साथीत दगावणाऱ्याचे नाव, वय, वस्ती व मृत्यूचे कारण त्याच्या गावच्या वहीत यथार्थपणे लिहिले जाईल की नाही, यावर त्या साथीचा इतिहासच नव्हे, तर तिच्यावरील उपाययोजनाही अवलंबून राहणार आहे.